नवी पिढी आली, आता कॉम्प्युटर बदलायचा का?

"माझ्याकडं आठव्या जनरेशनचा आय५ आहे. आता चौदावी येऊनही जुनी झाली म्हणतात. बदलू का?"

सोलापूरजवळच्या होटगी स्टेशनच्या परिसरात कॉम्प्युटरवर पोट असलेल्या कुणाशीही बोला, हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात निघतोच. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, प्रवेशाचे अर्ज भरून देणारा सेवा केंद्रवाला तो विचारतो. लग्नाचं शूटिंग रात्री जागून कापणारा विचारतो. टॅलीवर हिशेब ठेवणारा विचारतो. मुलगी रोज सोलापूरला इंजिनिअरिंगच्या कॉलेजला जाते, तिचे वडील विचारतात, कारण त्यांना एकदाच पैसे घालायचे असतात आणि ते चार वर्षं पुरायला हवे असतात.

चौघांचा प्रश्न एकच असला तरी उत्तर एक नाही. प्रोसेसर किती नवा आहे यावरून उत्तर ठरत नाही. ते ठरतं तुमचं काम नेमकं कुठे अडतं त्यावरून. अडण्याची जागा प्रोसेसर असेल तर नवी पिढी खरोखर उपयोगाची. अडण्याची जागा दुसरीच असेल, तर सर्वांत महागडा प्रोसेसर बसवूनही रोजचं ताटकळणं तसंच राहील.

१. होटगीचे दोन रूळ

ही गोष्ट समजावून द्यायला होटगीइतकं चांगलं गाव शोधून सापडणार नाही.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबईकडून येणारा रूळ १८६० मध्ये सोलापूरला पोचला आणि १८७१ मध्ये पुढे होटगीवरून रायचूरला जाऊन मद्रासच्या रुळाला मिळाला. हा मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर. मग १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ पडला. दुष्काळी भागात धान्य पोचवता यावं म्हणून जे रेल्वेमार्ग आखले गेले, त्यांत होटगीहून विजापूर, बागलकोटवरून गदगला जाणारा मार्ग होता. सदर्न मराठा रेल्वेनं तो १८८० च्या दशकात बांधला, पण कमी खर्चात उरकावा म्हणून मीटरगेज ठेवला. इथे दोन रुळांतलं अंतर १००० मिलिमीटर.

एका मापाची वाघीण दुसऱ्या मापाच्या रुळावर चालत नाही. म्हणून जिथे दोन मापं भेटतात तिथे माल उतरवायचा, हमालांनी पाठीवर वाहायचा आणि दुसऱ्या वाघिणीत भरायचा. आता समजा, मुंबईच्या बाजूला दुप्पट ताकदीचं इंजिन आणलं. गाडी होटगीला लवकर येईल. पण पोती उतरवून चढवायला लागणारा वेळ तेवढाच राहील. गदगच्या व्यापाऱ्याच्या हाती माल किती उशिरा पडतो हे इंजिनावर नाही, त्या अदलाबदलीवर ठरत होतं. तो प्रश्न नव्या इंजिनानं सुटला नाही. गदगचा मार्ग टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झाला आणि या शतकाच्या पहिल्या दशकात ते काम पुरं झालं, तेव्हा सुटला.

कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर हे इंजिन आहे. बाकी बरंच काही त्याला माल पुरवत असतं, आणि तिथेच बहुतेक वेळा गाडी उभी असते.

२. माल कुठून येतो

तीन भाग लक्षात ठेवले की पुरे. प्रोसेसर आकडेमोड करतो. रॅममध्ये आत्ता चालू असलेलं काम मांडलेलं असतं, वीज गेली की ते पुसतं. डिस्कवर सगळं कायमचं साठवलेलं असतं. प्रोसेसरला लागणारी माहिती आधी रॅममध्ये शोधली जाते. तिथे नसली तर डिस्कवरून आणावी लागते.

जुन्या कॉम्प्युटरमध्ये ही डिस्क म्हणजे फिरती हार्ड डिस्क असते. तिचा हिशेब करून पाहू. डेस्कटॉपमधली नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंद, आणि सुई सरकायला आणखी ८-९. एकूण १२-१३ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेल्या जागांवरून वाचायचं असेल तर एका सेकंदात जेमतेम ८० जागा. विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली अशाच इकडून तिकडून उचलाव्या लागतात. नव्या कॉम्प्युटरमध्ये तिच्या जागी एसएसडी असते. तिच्यात फिरणारं काहीच नसतं. साधी एसएसडीसुद्धा सेकंदाला हजारो जागांवरून वाचते.

म्हणून सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेणारा कॉम्प्युटर एसएसडी बसवल्यावर तेवढ्याच प्रोसेसरवर अर्ध्या मिनिटाच्या आसपास उभा राहतो. गेल्या पंधरा वर्षांत सामान्य माणसाला जाणवलेली सर्वांत मोठी सुधारणा हीच, असं माझं ठाम मत आहे. आणि ती कुठल्याही जनरेशनच्या जाहिरातीत नव्हती.

रॅम कमी पडली तर काय होतं? चार जीबी रॅमवर विंडोज, ब्राउझरच्या वीस टॅब, स्कॅनर आणि पीडीएफ एकत्र चालू केले की जागा संपते. मग विंडोज रॅममधला थोडा भाग उचलून डिस्कवर ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. डिस्क फिरती असेल तर दर टॅब बदलताना सगळं थिजतं. लोक म्हणतात, "प्रोसेसर जुना झाला." प्रोसेसर बिचारा रिकामा बसलेला असतो.

३. मोजून पाहा

अंदाज करायची गरजच नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सचं पान काढा, आणि ज्या कामानं तुम्हाला वैताग आणलाय तेच काम सुरू करा. रिकाम्या कॉम्प्युटरचे आकडे काही सांगत नाहीत. ऐन गर्दीच्या वेळी बघा.

डिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर १५-२० वर, तर एसएसडी घ्या. मेमरी ९० टक्क्यांच्या वर अडकली असेल, तर रॅम वाढवा. तीनही खाली आणि तरी पान उघडत नाही, तर इंटरनेट किंवा पलीकडची वेबसाइट मंद आहे. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी सरकारी संकेतस्थळ अडलं असेल तर तुमच्या टेबलावरचा कुठलाही प्रोसेसर त्याला ढकलू शकत नाही. प्रोसेसर सतत ९०-१०० वर असेल, तर मात्र नव्या प्रोसेसरचा विचार रास्त आहे.

यात एक फसगत आहे आणि ती जाणकारांचीही होते. टास्क मॅनेजर सगळ्या कोअरची मिळून टक्केवारी दाखवतो. कोअर म्हणजे एकाच चिपवर असलेला स्वतंत्र प्रोसेसर. आठ कामं समांतर हाताळणाऱ्या प्रोसेसरवर एकच प्रोग्राम एकच कोअर पूर्ण पिळत असेल, तर आकडा दिसतो १२-१३ टक्के. आपल्याला वाटतं, प्रोसेसर निवांत आहे. प्रत्यक्षात त्या प्रोग्रामपुरता तो भरलेला असतो. म्हणून आलेखावर उजवी कळ दाबून प्रत्येक कोअरचा वेगळा आलेख लावा. एक कोअर भरलेला आणि बाकीचे रिकामे दिसले, तर जास्त कोअरचा प्रोसेसर घेऊन उपयोग नाही. असं काम असणाऱ्याला कोअर थोडे चालतील, पण एकेक कोअर वेगवान हवा.

४. दहा मिनिटांचं काम

अमेरिकन अभियंता जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये एक साधी गोष्ट मांडली. एखाद्या कामाचा एकच भाग वेगवान केला, तर एकूण फायदा त्या भागाच्या वाट्याएवढाच मर्यादित राहतो. उदाहरणानं पाहू.

समजा, लग्नाच्या अल्बमचे फोटो तयार करून काढायला दहा मिनिटं लागतात. त्यांतली चार मिनिटं प्रोसेसरची, पाच डिस्कची आणि एक इतर. नवा, दुप्पट वेगाचा प्रोसेसर बसवला. चाराची दोन झाली. एकूण आठ मिनिटं. दुकानदारानं दुप्पट वेग सांगितला होता आणि तो खोटं बोलला नाही, पण तुमचा वेळ वीसच टक्के वाचला.

आता कल्पना करा की प्रोसेसर अनंत वेगाचा आहे, त्याचा वाटा शून्य झाला. तरी सहा मिनिटं राहिलीच. उलट प्रोसेसर जुनाच ठेवून डिस्कचा भाग पाचपट वेगवान केला, तर पाचाचं एक होतं आणि एकूण वेळ होतो सहा मिनिटं. एक साधी एसएसडी आणि जगात कुठेच न मिळणारा अनंत वेगाचा प्रोसेसर, दोघांचा निकाल एक.

व्हिडिओ एडिटरचं गणित वेगळं आहे. त्याच्या दहा मिनिटांत नऊ प्रोसेसरचीच असू शकतात, आणि ते काम सगळ्या कोअरमध्ये वाटून देता येतं. दुप्पट वेगानं ती साडेचार होतात, एकूण साडेपाच. जो प्रोसेसर सेवा केंद्रवाल्याला वीस टक्केसुद्धा देणार नाही, तो या माणसाची निम्मी रात्र वाचवतो.

५. पिढी बदलते तेव्हा आत काय बदलतं

प्रोसेसरचा वेग दोन गोष्टींचा गुणाकार असतो. सेकंदाला किती ठोके पडतात, आणि एका ठोक्यात किती काम उरकतं. गिगाहर्ट्झचा आकडा फक्त पहिली गोष्ट सांगतो. ३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३०० कोटी ठोके. दुसरी गोष्ट खोक्यावर छापलेली नसते, आणि पिढ्यांमधला खरा फरक बहुधा तिच्यातच असतो.

इतिहासात याचा मोठा धडा आहे. इंटेलचा पहिला प्रोसेसर ४००४ हा १९७१ मध्ये २३०० ट्रान्झिस्टर घेऊन आला. पुढची तीस वर्षं ट्रान्झिस्टर लहान होत गेले आणि ठोके वाढत गेले. त्या काळात दोन वर्षांनी नवा कॉम्प्युटर घेणाऱ्याला फरक डोळ्यांनी दिसायचा. नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ आला तो दीड गिगाहर्ट्झचा, पण एका ठोक्यात तो कमी काम करायचा. एक गिगाहर्ट्झच्या पेंटियम ३ नं कित्येक चाचण्यांत त्याला मागे टाकलं. तरी इंटेल ठोके वाढवतच राहिली. २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्झवर गाडी अडली. चिप इतकी तापत होती की जाहीर केलेला चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ कंपनीला रद्द करावा लागला. २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला. ठोके अडीच गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे कितीतरी कमी, पण एका ठोक्यातलं काम भरपूर आणि कोअर दोन. त्यानं पेंटियम ४ चा काळ संपवला. म्हणून वेगवेगळ्या पिढ्यांच्या गिगाहर्ट्झची तुलना करू नये.

दुसरा धडा अलीकडचा. २०१५ च्या सहाव्या पिढीपासून २०२० च्या दहाव्या पिढीपर्यंत इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत कोअरची मूळ रचना जवळजवळ तीच होती. सहाव्या पिढीचा आय७-६७००के आणि सातव्या पिढीचा आय७-७७००के समान ठोक्यांवर चालवले तर दोघांत फरक सापडत नाही. आठव्या पिढीत २०१७ मध्ये मात्र मोठी गोष्ट घडली. आय५ मधले कोअर चाराचे सहा झाले. का झाले? कारण त्याच वर्षी मार्चमध्ये एएमडीनं रायझन आणला होता, आठ कोअर घेऊन. स्पर्धा नव्हती तेव्हा पिढीचा आकडा वाढत होता आणि आतला माल तोच. स्पर्धा आली आणि माल बदलला. ग्राहकानं आकड्यावर विश्वास का ठेवू नये, याचं याहून स्पष्ट उत्तर नाही.

२०२१ च्या अखेरीस बाराव्या पिढीत पुन्हा खरी उडी आली. मोठे वेगवान कोअर आणि छोटे काटकसरी कोअर एकाच चिपवर बसवले गेले. तेव्हा चार कोअरचा आय३-१२१०० पाच वर्षं आधीच्या आय७-७७०० च्या पुढे गेला. आय३ नं आय७ ला हरवलं, ते पिढीच्या जोरावर. चौदावी पिढी मात्र बहुतांशी तेरावीच होती, ठोके थोडे वाढवून. २०२४ मध्ये त्या दोन्ही पिढ्यांतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये व्होल्टेजमुळे बिघाड होत असल्याचं इंटेलनं मान्य केलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेली कोअर अल्ट्रा २०० ही नवी मालिका वीज कमी खात होती, पण कित्येक गेममध्ये चौदाव्या पिढीच्या मागे पडली.

एका पिढीत सरासरी १५ टक्के सुधारणा धरू. तासाभराचं काम एका पिढीनं ५२ मिनिटांवर येतं. फरक आहे, पण बसल्या जागी जाणवेलच असं नाही. चार पिढ्या ओलांडल्या की १५ टक्के चारदा गुणले जातात, वेग पावणेदोन पट होतो आणि तासाचं काम ३४ मिनिटांत उरकतं. हे जाणवतं. म्हणून एक पिढी मागे असणाऱ्यानं जाहिरातीकडे बघूही नये, आणि चार-पाच पिढ्या मागे असणाऱ्यानं आधी टास्क मॅनेजर उघडावा.

६. पुण्यात घेतलेला एक निर्णय

हा प्रश्न फक्त घरच्या कॉम्प्युटरचा नाही. आपल्याच राज्यात तो देशपातळीवर सोडवला गेला आहे आणि त्या निर्णयाची रीत शिकण्यासारखी आहे.

अमेरिकेकडून महासंगणक मिळण्यात अडचणी आल्या, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्यात ट्रान्सप्यूटर नावाचे प्रोसेसर होते. ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे हे प्रोसेसर एकमेकांशी थेट बोलू शकत. म्हणून अनेक प्रोसेसर जोडून एक मोठं यंत्र उभारायला ते सोयीचे होते. पण एकेक ट्रान्सप्यूटर आकडेमोडीत फार ताकदवान नव्हता, आणि १९९२ पर्यंत ही उणीव स्पष्ट झाली.

इंटेलचा आय८६० तेव्हा उपलब्ध होता. मोह झाला असता की जुनं सगळं काढून नवं बसवावं. सी-डॅकनं तसं केलं नाही. परम ८६०० मध्ये प्रत्येक नोडवर एक आय८६० बसवला आणि त्याच्याबरोबर चार ट्रान्सप्यूटर कायम ठेवले. आकडेमोड नव्यानं करायची, निरोपांची देवाणघेवाण जुन्यांनी सांभाळायची. प्रोग्राम लिहिण्याची पारस ही व्यवस्थाही तीच ठेवली, त्यामुळे परम ८००० साठी लिहिलेले प्रोग्राम नव्या यंत्रावर नेता आले. ८६०० चा एक संच ८००० च्या चार संचांइतकं काम करू लागला.

अडचण कुठे आहे हे त्यांनी आधी ओळखलं, मग तेवढाच भाग बदलला, आणि लोकांची मेहनत वाया जाऊ दिली नाही. पुढे १९९४ चा परम ९००० तर नवे प्रोसेसर आले की बसवता यावेत अशाच रीतीनं आखला गेला.

७. नाव वाचायला शिका

"आय५ आहे" या वाक्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. आय५-३४७० हा २०१२ चा तिसऱ्या पिढीचा, आय५-१२४०० हा २०२२ चा बाराव्या पिढीचा. दोघांच्या पेटीवर तोच आय५. कंपन्यांनी काढून टाकलेले आणि झाडूनपुसून विकले जाणारे जुने संच स्वस्तात मिळतात, तिथे हा फरक विचारून घ्यावा. शेवटच्या तीन आकड्यांआधी जे असेल ती पिढी: ३४७० मध्ये ३, १२४०० मध्ये १२.

लॅपटॉपमध्ये काही मॉडेलची रीत थोडी वेगळी असते, आणि तिथे शेवटचं अक्षर अधिक महत्त्वाचं. आय५-१२३५यू मध्ये दहा कोअर आहेत, आय५-१२४५०एच मध्ये आठ. दहा जास्त म्हणून पहिला घ्यावा असं वाटेल. पण यू म्हणजे १५ वॅटच्या आसपास चालणारा, बॅटरी टिकवणारा. एच म्हणजे ४५ वॅटचा. यूच्या दहांमध्ये मोठे कोअर दोनच, एचच्या आठांमध्ये चार. तासभर व्हिडिओ काढायचा असेल तर एच. कॉलेजात दिवसभर नोट्स आणि थोडं प्रोग्रामिंग, तर यू पुरेसा.

एएमडीच्या लॅपटॉपमध्ये याहून मोठा सापळा होता. रायझन ५ ७५२०यू, ७५३०यू आणि ७६४०यू हे तिन्ही सात हजारच्या मालिकेतले, पण आतली रचना अनुक्रमे झेन २, झेन ३ आणि झेन ४. तिसरा आकडा बघायचा. २ असेल तर आतली रचना २०१९ ची आहे, पेटीवरचं वर्ष काहीही असो. कंपनीनं ही पद्धत उघडपणे सांगितली होती, पण दुकानात लॅपटॉप हाती घेणाऱ्या किती जणांपर्यंत ती पोचली असेल? अशा नावांमुळे साध्या माणसाचे पैसे जातात, आणि मला ते मनापासून चुकीचं वाटतं.

८. मे महिन्यातला प्रोसेसर

परीक्षणांतले आकडे बहुधा थंड खोलीत मोजलेले असतात. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, आणि पत्र्याच्या दुकानात त्याहून जास्त.

प्रोसेसरचा पंखा त्याला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त फरक मर्यादेत ठेवतो. समजा, भर कामात प्रोसेसर खोलीपेक्षा ५० अंशांनी गरम राहतो. २५ अंशांच्या खोलीत तो ७५ वर असेल, ४३ च्या दुकानात ९३ वर. बहुतेक इंटेल प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. ती जवळ आली की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी ठोके कमी करतो. आता पंख्याच्या जाळीत वर्षाची धूळ बसली आणि फरक ५० चा ६० झाला, तर ४३ अधिक ६० म्हणजे १०३. मर्यादा ओलांडली. तुम्ही पैसे मोजलेला वेग उन्हाळ्याच्या दुपारी मिळतच नाही.

म्हणून "हल्ली स्लो झालाय" असं वाटलं तर आधी पेटी उघडून धूळ काढा, आणि चार-पाच वर्षं झाली असतील तर प्रोसेसर आणि त्यावरचा धातूचा ठोकळा यांच्यामधली वाळलेली थर्मल पेस्ट बदलून घ्या. काहीशे रुपयांचं काम आहे. याच कारणासाठी आपल्याकडे १२५ वॅटच्या सर्वांत वरच्या मॉडेलपेक्षा ६५ वॅटचं मधलं मॉडेल अनेकदा शहाणपणाचं ठरतं.

९. पैशांचा हिशेब

प्रोसेसर एकटा येत नाही. तो ज्या खोबणीत बसतो ते सॉकेट इंटेल साधारण दर दोन पिढ्यांनी बदलत आली. दहावी-अकरावी एका खोबणीत, बारावी ते चौदावी दुसऱ्या, कोअर अल्ट्रा २०० तिसऱ्या. म्हणजे नवा मदरबोर्ड, आणि बहुधा नवी रॅमही. एएमडीनं एएम४ ही खोबणी २०१७ च्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंत चालू ठेवली, त्यामुळे कित्येकांना फक्त प्रोसेसर बदलून तीन पिढ्यांची उडी घेता आली. नवा संच घेताना हे विचारून घ्यावं: या बोर्डवर पुढची पिढी बसेल का?

सगळं मिळून चाळीस हजार रुपये होतात असं धरू, आणि संच तीन वर्षं वापरणार. वर्षाला ३०० दिवस काम. व्हिडिओवाल्याचा दिवसाला अर्धा तास वाचतो, म्हणजे वर्षाला १५० तास, तीन वर्षांत ४५०. वाचलेला एक तास त्याला सुमारे ९० रुपयांना पडला. सेवा केंद्रवाल्याचे दिवसाला दोन मिनिटं वाचतात. वर्षाला दहा तास, तीन वर्षांत तीस. त्याला एक तास १३०० रुपयांवर पडला. तोच प्रोसेसर, तीच किंमत. पहिल्यानं उद्या घ्यावा, दुसऱ्यानं ते पैसे चांगल्या प्रिंटरमध्ये घालावेत.

१०. वेगाशिवायची कारणं

कधीकधी कॉम्प्युटर पुरेसा वेगवान असूनही बदलावा लागतो. सध्याचं सर्वांत मोठं कारण विंडोज. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं सुरक्षेच्या दुरुस्त्यांना एका वर्षाची जादा मुदत देऊ केली. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला, एखाददुसरा अपवाद वगळता, इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० च्या आसपासची मालिका लागते, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप चालू हवी.

सुरुवातीला प्रश्न विचारणाऱ्या आठव्या पिढीच्या आय५ वाल्याला म्हणूनच मी बदलायला सांगणार नाही. सहा कोअर आहेत, विंडोज ११ चालतं. एसएसडी नसेल तर बसवावी, रॅम सोळा जीबी करावी, धूळ काढावी. सातव्या किंवा त्याआधीच्या पिढीवर लोकांची आधार कार्डं आणि बँकेची कागदपत्रं हाताळणाऱ्यानं मात्र उशीर करू नये, काम सुरळीत चालत असलं तरी. ती माहिती दुसऱ्यांची आहे. दुरुस्त्या न मिळणाऱ्या यंत्रावर ती ठेवणं योग्य नाही.

दुसरं कारण लॅपटॉपची बॅटरी. नोव्हेंबर २०२० मध्ये अॅपलनं स्वतःचा एम१ आणला, तेव्हा मॅकबुक एअरमधून पंखाच गेला आणि बॅटरी दिवसभर टिकू लागली. एका पिढीत असा फरक क्वचितच पडतो. दिवसाचे दोन तास लोकलगाडीत आणि एसटीत जाणाऱ्या विद्यार्थिनीला वेगापेक्षा याचा उपयोग जास्त. लॅपटॉपवर दिसणाऱ्या 'एआय' च्या शिक्क्यासाठी मात्र आज वेगळे पैसे मोजू नयेत. आपण रोज वापरतो ती बहुतेक एआय साधनं इंटरनेटपलीकडच्या मोठ्या यंत्रांवर चालतात, लॅपटॉपमधल्या चिपवर नाही.

जुना संच बदललाच, तर तो सरळ भंगारवाल्याला देऊ नका. सहाव्या पिढीच्या यंत्रावर एसएसडी आणि लिनक्स टाकलं की शाळेतल्या मुलांना टायपिंग आणि प्रोग्रामिंग शिकायला ते आणखी काही वर्षं चालतं. देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या किंवा पूर्ण पुसा. नुसत्या फाइली डिलीट केल्या तर त्या परत काढता येतात, आणि सेवा केंद्राच्या डिस्कवर आख्ख्या गावाचे दाखले असतात.